घाटातली झाडं : तयार पाकीट, परदेशी फोम आणि लोहार चाळीतली तार

गेल्या चौदा महिन्यांत माझ्या रेल्वे मॉडेलसाठी मी त्रेसष्ट झाडं हाताने केली. त्याआधी वीस विकत आणली होती. आपल्याकडचा घाट, आपल्याकडचं स्टेशन मॉडेलमध्ये उभं करायला निघालेल्यांनी झाडांसाठी पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत, हे मला आता नीट सांगता येईल असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आधी मॉडेलबद्दल थोडं. मुलुंडच्या आमच्या घरात आतल्या खोलीच्या खिडकीखाली सात फूट लांब, दोन फूट रुंद फळी भिंतीला बिजागऱ्यांवर लावली आहे. स्केल एचओ, म्हणजे १:८७, सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. या हिशेबाने सात फुटांत बोरघाटाचा जेमतेम १८६ मीटरचा तुकडा मावतो. घाटातला तीव्र चढ १:३७ आहे, म्हणजे सदतीस फुटांत एक फूट, तोच धरला. त्यामुळे फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ पावणेसहा सेंटिमीटर वर जातो. जागा पळसदरीच्या वरची, गाडी ठाकूरवाडीकडे चढायला लागते तिथली. माझे आजोबा, आईचे वडील, घाटात गँगमन होते. पावसाळ्यात दरडींवर नजर ठेवायला रात्री कंदील घेऊन रुळांवरून फिरायचे. आई रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढली. आता ती एकोणऐंशी वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे घाटात जाणं होत नाही. फळी तिच्या पलंगासमोर आहे ती म्हणूनच.

रूळ, बोगद्याचं तोंड, कातळ, क्वार्टरची भिंत हे सगळं सहा महिन्यांत झालं. मग झाडं आली आणि सगळं तिथेच अडलं.

पहिलं पाकीट मी ऑनलाइन घेतलं. वीस झाडं, ६४० रुपये, वर 'एचओ' असं छापलेलं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण असाच माल निरनिराळ्या नावांनी विकताना मी पाहिला आहे. प्लॅस्टिकचं खोड, त्यावर पोपटी भुसा. पाकीट उघडलं तेव्हा भुशाचा एक थर पिशवीच्या तळाशी आधीच जमला होता. आईने त्यातलं एक हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "हे कशाचं झाड गं?"

मला सांगता आलं नाही. ते कशाचंच नव्हतं. तिने ते जपून परत ठेवलं आणि म्हणाली, "आमच्याकडे असं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन बसले, तेव्हा दुसरी अडचण कळली. पाकिटातली बहुतेक झाडं पाच ते सात सेंटिमीटर उंच होती. आपला ओळखीचा जुना निळा आयसीएफ डबा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) रुळापासून छतापर्यंत साधारण चार मीटर उंच असतो. १:८७ मध्ये ते भरतात ४६ मिलिमीटर. म्हणजे पाच सेंटिमीटरचं झाड डब्याच्या छतावरून जेमतेम डोकं काढतं. पंधरा मीटरचा आंबा या स्केलमध्ये सतरा सेंटिमीटरहून जास्त हवा. ही झाडं रुळालगत लावली तर घाट बागेसारखा दिसतो आणि गाडी राक्षसासारखी. पाकिटावर कुठलंही स्केल छापलेलं असो, घेण्याआधी सेंटिमीटरमधली उंची बघा आणि तिला ८७ ने गुणा. त्यातली चार झाडं मी भुसा खरवडून, खोडं रंगवून दरीच्या तळाशी दूरवरची म्हणून लावली. बाकीची शेजारच्या मुलाला दिली. पैसे वाया गेले, असंच माझं मत आहे.

मग परदेशी फोम. अमेरिकेच्या वुडलँड सीनिक्स कंपनीचे दोन डबे माझ्या पुतण्याने येताना आणले: कोर्स टर्फ, एक डार्क ग्रीन आणि एक बर्न्ट ग्रास. हे रंगवलेल्या फोमचे बारीक तुकडे असतात, आणि दळण एकसारखं नसतं, काही कण मोठे, काही लहान. त्या असमानपणामुळेच ते पानांच्या झुबक्यासारखे दिसतात. दीड वर्ष खिडकीजवळ आहेत, रंग तसूभरही उतरलेला नाही. महाग आहेत यात शंका नाही, पण एका डब्यात माझे पंचवीसेक मोठे आंबे झाले आणि अजून डबा संपलेला नाही. हा खर्च मी परत करेन. डार्क ग्रीन आपल्या आंब्याला फार चांगला जमतो. आंब्याचा हिरवा रंग लोकांना वाटतो त्याहून खूप काळा असतो. फेब्रुवारीत कर्जतच्या पुढे गाडीतून पाहिलं तर झाडाच्या पोटाशी तो जवळजवळ शाईसारखा दिसतो.

बर्न्ट ग्रास घेतला तो ऋतूमुळे. घाटाचं मॉडेल म्हटलं की सगळे पावसाळा धरतात, धबधबे आणि हिरवंगार. आईच्या बोलण्यात घाट येतो तो शिमग्याच्या आधीचा. गवत वाळून पिवळं पडलेलं, पानझडीची झाडं ओकीबोकी, मधेच सावर आणि पांगारा लाल, आंब्याला मोहोर. तिथल्या स्टेशनच्या नावातच पळस आहे. मी तोच महिना पक्का केला आणि माझं काम एकदम सोपं झालं. कारण पानं कमी झाली की फांद्या दिसतात, आणि झाड ओळखू येतं ते फांद्यांवरून.

फांद्यांसाठी लागते तार, आणि तारेसाठी लोहार चाळ.

क्रॉफर्ड मार्केटच्या अंगाला असलेल्या या गल्लीत विजेच्या सामानाची दुकानं खेटून खेटून आहेत. मी ज्या दुकानात जाते ते जेमतेम दाराएवढं रुंद आहे. काका कच्छी आहेत, मराठी छान बोलतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी "तांब्याची तार, पण सुटी, बारीक, पुष्कळ" असं काहीतरी सांगत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "ताई, कशाला पाहिजे ते सांगा." झाडं करायला, असं सांगितल्यावर ते हसले नाहीत. त्यांनी चार प्रकारच्या वायरी कापून टोकं सोलली आणि काउंटरवर मांडली. घरात वापरायच्या लवचिक वायरीत ०.३ मिलिमीटरच्या बारीक तारा असतात: दीड स्क्वेअर एमएममध्ये बावीस, अडीचमध्ये छत्तीस, चारमध्ये छप्पन्न. "जितकी मोठी वायर, तितक्या फांद्या," ते म्हणाले. तेव्हापासून मी वायरीचं माप याच हिशेबाने मोजते. नवीन गुंडाळी घ्यायची गरज नाही. त्यांच्याकडे फुटाफुटाचे तुकडे उरतात, ते ते वजनावर देतात. एका मोठ्या आंब्यामागे तार, पुट्टी, फोम सगळं धरून मला ८०-९० रुपये पडतात. त्या पाकिटातलं झाड बत्तीस रुपयांना पडलं होतं. पण ते झाड नव्हतं.

एक चूक सांगून ठेवते. स्वस्त पडते म्हणून सुरुवातीची सात झाडं मी बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात त्या लोखंडी तारेची केली होती. जूनमध्ये छान दिसत होती. जुलैच्या शेवटी खोडांच्या भेगांतून तांबूस ओघळ बाहेर आले; आधी वाटलं रंगच चांगला उतरलाय, मग बोट लावलं तर गंज. मुंबईच्या दमट हवेत पुट्टी आणि फेव्हिकॉलच्या थराखालीही लोखंड गंजतं. तांबंच घ्या. आणि वायरीचं वेष्टण जाळून काढू नका, त्याचा धूर विषारी असतो. कटरने लांबीभर चीर देऊन सोला.

आता आंबा. यावर मी सगळ्यांत जास्त संध्याकाळी घालवल्या आहेत.

चार स्क्वेअर एमएमच्या वायरीचे पंचवीस सेंटिमीटरचे तीन तुकडे सोलून एकत्र धरायचे, म्हणजे १६८ तारा. खालचे तीन सेंटिमीटर मुळांसाठी सोडायचे. त्याच्या वर तीन सेंटिमीटर पीळ घालायचा की खोड झालं. प्रत्यक्षात ते अडीच मीटर भरतं, आणि जुना रायवळ आंबा साधारण तेवढ्या उंचीवर फाटे फोडायला लागतो. पुढे चार-पाच भाग करायचे, पण सारखे नाहीत. एक जाड, एक बारीक, एक जमिनीकडे झुकून मग वर उठलेला. प्रत्येक भागाला पीळ, पुन्हा दोन फाटे, पुन्हा पीळ, असं शेवटच्या एकेका तारेपर्यंत. नवखा हात सगळ्या फांद्या वर उभ्या करतो आणि झाड खराट्यासारखं होतं. आंब्याचा घेर उंचीइतकाच असतो, कधी उंचीहून जास्त. फांद्या आडव्या पसरल्या पाहिजेत, टोकं तेवढी वर.

खोडाला भिंतीची पुट्टी आणि फेव्हिकॉल, दह्याइतकं घट्ट. त्यात मी चिमूटभर बोरिक पावडर घालते, बुरशी धरत नाही. दोन हात देऊन खोड दहा-अकरा मिलिमीटर जाड झालं की जवळजवळ मीटरभर व्यासाचा बुंधा मिळतो. अर्धवट ओलं असताना टाचणीने उभ्या रेघा ओढायच्या. रंग देताना तपकिरी बाटलीला हातच लावू नका. झाडाचं खोड तपकिरी असतं हे आपण शाळेच्या चित्रकलेच्या तासात शिकलो, पण मुलुंडपासून कर्जतपर्यंत खिडकीतून पाहत गेलं तर बहुतेक खोडं राखाडी दिसतात, कुठे काळपट, कुठे शेवाळाचे फिकट डाग. राखाडीत थोडा मातकट रंग, आणि कोरड्या ब्रशने वरच्या कडांना पांढरट हात, इतकंच पुरतं.

पानं लावताना अत्तराच्या रिकाम्या बाटलीतून पाणी घातलेला फेव्हिकॉल फवारते आणि वरून फोम भुरभुरते. खालून नाही. पोटाशी फांद्या दिसल्या पाहिजेत, आरपार उजेड आला पाहिजे. मग मोहोर. त्यासाठी मी सुतारकामाचा बारीक चाळलेला भुसा रंगवते. पहिल्यांदा हळदीत रंगवला होता, रंग अगदी मोहोराचा आला, पण दोन महिन्यांत खिडकीच्या उन्हाने तो उडाला. आता ॲक्रिलिकचा यलो ऑकर वापरते. सगळ्या झाडावर सारखा नाही, उन्हाच्या बाजूच्या शेंड्यांवर जास्त.

तो पहिला तांब्याचा आंबा आईच्या समोर ठेवला तेव्हा मी काही सांगितलं नाही. तिने पाहिलं आणि म्हणाली, "हा गोड नसणार, लोणच्याचा." क्वार्टरच्या मागे एक आंबट रायवळ होता म्हणे, त्याचा बुंधा असाच एका अंगाला कलला होता. मला तो माहीत नव्हता. तार पिळताना खोड कललं, मी तसंच ठेवलं होतं.

सावरीचं झाड मात्र तिनेच करायला लावलं. "लाल झाडाशिवाय शिमगा कसला?" सावरीची ठेवण आंब्याच्या अगदी उलट. खोड सरळसोट वर जातं आणि थोड्या थोड्या अंतरावर चार-पाच फांद्या एकाच ठिकाणाहून चहूबाजूंना आडव्या फुटतात, छत्रीच्या काड्यांसारख्या. मग पुन्हा थोडं मोकळं खोड, पुन्हा एक वळं. त्या वळ्यांवरून सावर मैलभरावरून ओळखू येते. तारेत हे करणं आंब्याहून सोपं आहे. सगळ्या तारांचा एक पीळ वर नेत जायचं आणि दर अडीच-तीन सेंटिमीटरला पाच-पाच तारा बाहेर काढून आडव्या वळवायच्या. माझी चोवीस सेंटिमीटरची आहे, म्हणजे जवळपास एकवीस मीटर. बुंध्याशी तीन-चार तारा बाहेर पसरून पुट्टी भरली की आधारमुळांच्या भिंतीही होतात. पान एकही नाही.

फुलांसाठी मी मणी, कागद, लोकर सगळं करून पाहिलं. शेवटी स्वयंपाकघरात सापडली ती खसखस. दाणा साधारण एक मिलिमीटरचा. ८७ ने गुणलं तर पावणेनऊ सेंटिमीटर, सावरीच्या फुलाच्या जवळपासचं माप. मोहरी घेतली तर फूल पपनसाएवढं होतं. राजगिराही मापात बसतो, पण गुळगुळीत असल्यामुळे रंग धरत नाही. खसखस छोट्या डबीत लाल ॲक्रिलिकचे दोन थेंब घालून हलवायची आणि कागदावर सुटी वाळवायची. आईने चिमट्याने ती एकेक करून स्वतः बसवली, तीन दुपारी. थोडी खसखस तिने झाडाखाली सांडली. मी पुसायला गेले तर म्हणाली, "राहू दे, खाली पडतातच."

ऐन आणि कांडोळ यांच्याबद्दल थोडक्यात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची असते, त्यामुळे पुट्टी जाड लावून ब्लेडने आडव्या-उभ्या चिरा द्याव्या लागतात. कांडोळाचं खोड पांढरंफटक आणि गुळगुळीत, तिथे पुट्टी बारीक सँडपेपरने घासून घ्यायची. या दिवसांत पानं दोघांनाही नाहीत. काळ्या कातळापुढे एक कांडोळ लावला की सगळ्या देखाव्याला खोली येते. लोक याला भुत्या म्हणतात, ते संध्याकाळी दिवा बंद केल्यावर फळीकडे पाहिलं की पटतं.

मागच्या, लांबच्या झाडांसाठी एवढी मेहनत करायची गरज नाही. परदेशात यासाठी वाळलेल्या रानवनस्पतींचे तुरे मिळतात. मला वाटलं तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या तशाच दिसतात. पण आईने तुळशीला हात लावू दिला नाही आणि सब्जा आण म्हणाली. दादरच्या फूलबाजारात सब्जाच्या जुड्या मिळतात. मी सकाळी सहाच्या सुमाराला जाते, तेव्हा ताजा आणि लांब तुऱ्यांचा मिळतो. आठनंतर उरतो तो चुरगळलेला. विकणाऱ्या मावशींना तुरे मोडू नका असं सांगितलं की त्या वेगळ्या कागदात बांधून देतात. दहा दिवस उलटा टांगून वाळवायचा, पातळ फेव्हिकॉल आणि बोरिक पावडरच्या पाण्यात बुडवून पुन्हा उलटा टांगायचा. पंधरा रुपयांच्या जुडीत डझनभर लांबची झाडं होतात. दोन पावसाळ्यांत टिकतील का ते सांगता येत नाही, माझी एका पावसाळ्यातून नीट निघाली आहेत.

करवंदाच्या जाळ्या गादीवाल्याकडच्या पॉलिस्टर कापसाच्या. कापूस इतका ताणायचा की पलीकडचं दिसलं पाहिजे, मग काळपट हिरवा फवारा आणि थोडा फोम. गवतासाठी चार मिलिमीटरचे नायलॉनचे तंतू आणले; ते विद्युतभाराने उभे राहतात. त्याचं तयार यंत्र महाग असतं. आमच्या इमारतीतल्या इलेक्ट्रिशियनने डास मारायच्या बॅटला चहाची स्टीलची गाळणी जोडून ते करून दिलं, आणि छान चालतं. पण बॅटमधला दाब फार मोठा असतो, बंद केल्यावरही झटका बसू शकतो. जाणकाराशिवाय उघडू नका.

लावताना एक गोष्ट विसरू नका. घाटात विजेच्या तारांजवळ फांद्या वाढू देत नाहीत, छाटत राहतात. त्यामुळे रुळांच्या कडेला झाडांची एक बाजू कापल्यासारखी असते. मी दोन ऐनांच्या रुळाकडच्या फांद्या कटरने तोडल्या आणि कापलेल्या टोकांना फिकट पिवळा ठिपका दिला. तेवढ्या एका गोष्टीने ही जागा रेल्वेची झाली.

तर माझं मत असं: तयार झाडं घेऊ नका, निदान आपल्या घाटासाठी नको. फोम चांगला घ्या, तिथे कंजुषी नको. तार लोहार चाळीतून, तांब्याचीच. सब्जा दादरचा.

उरलं आहे ते क्वार्टरसमोरचं उंबर. ते मी लावलं होतं, पण आई म्हणते पाण्याचा नळ त्याच्या अलीकडे होता, पलीकडे नाही, आणि आजोबा ड्यूटीवरून आले की तिथे सावलीत पाय धुवायचे. म्हणून उंबर दोन इंच डावीकडे सरकवायचं आहे, आणि सरकवायचंच आहे तर नव्याने, मोठंच करते. त्याला अडीच स्क्वेअर एमएमचे सहा तुकडे लागतील. शनिवारी दुपारी जाईन. रविवारी काकांचं दुकान बंद असतं.